फिलिपाइन्सचा खाऊ साताऱ्यात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून माझे शिक्षणही सातवीपर्यंत. तेव्हा चिटणीसबाईंनी, "तुम्ही ते फिलिपाइन्सचे पदार्थ केलेत, त्याविषयी चार शब्द सांगा," असे म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणाले. पदार्थ करून आणते, पण बोलायला सांगू नका, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. तेव्हा घरी ओट्याशी बसून सांगावे तसे सांगते. चुकले तर संभाळून घ्यावे.

माझे सासर साताऱ्याचे, माहेर सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातले. मला एक धाकटी बहीण आहे. तिने माझ्यासारखे सातवीला थांबायचे नाकारले. एस.टी.चा पास काढून ती पुढे शिकली, मिरजेला नर्सिंगचा कोर्स केला आणि लग्नानंतर काही वर्षांनी कुवेतला इस्पितळात नोकरीला लागली. तिकडे ती ज्या घरात राहते, तिथे तिच्याबरोबर फिलिपाइन्सची एक नर्स राहते. दोघींचे स्वयंपाकघर एकच. बहिणीच्या भाकरीच्या पिठाचा डबा आणि तिच्या तांदळाचा डबा शेजारी शेजारी. फिलिपाइन्स म्हणजे आपल्या पूर्वेला, समुद्रात पसरलेल्या सात हजारांवर बेटांचा देश. तिथल्या पुष्कळ बाया आखाती देशांत नर्स म्हणून आहेत, आणि पुरुष बोटींवर.

2020 साली कोरोना आला तेव्हा माझी बहीण तिकडे आजारी पडली. मार्चपासून विमाने बंद. आम्ही इथे साताऱ्यात दार लावून बसलेलो, आई तिकडे माहेरी रडत असलेली, आणि बहीण कुवेतला एका खोलीत एकटी. त्या दिवसांत तिच्या दाराशी दोन वेळा वाटी ठेवणारी ही बाई होती. स्वतः इस्पितळाची पाळी करून यायची आणि हिला आले घातलेली भाताची पेज करून द्यायची. तिकडे त्या पेजेला 'लुगाव' म्हणतात. बहीण फोनवर म्हणायची, "अक्का, आईच्या हातच्या पेजेसारखीच लागते गं." मी ते ऐकून पदर डोळ्याला लावायची आणि मनात म्हणायची, ह्या बाईचे उपकार कसे फेडायचे? मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही.

आता मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची की नाही ह्याचा मी दोन दिवस विचार केला. पण ती वगळली तर पुढचे काही कळायचे नाही.

2004 सालचा नाताळ. बहीण तेव्हा मिरजेला शिकत होती आणि सुट्टीला माझ्याकडे आली होती. तिच्या वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या आईने माझ्यासाठी म्हणून फराळाचा डबा दिला होता. त्यात करंज्या होत्या, शंकरपाळे होते आणि वर कागदात गुंडाळून केकचा मोठा तुकडा. मी करंज्या ठेवून घेतल्या आणि केक दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकला. बहिणीने पाहिले. मी म्हटले, "अंडे असते गं त्यात, आत्यांना चालायचे नाही." आमच्या सासूबाई माळकरी आहेत हे खरे. पण त्यांना चालत नाही म्हणून मला चालत नाही असे थोडेच आहे? आमच्याकडे दर रविवारी मटण शिजते. अंड्याची पोळी तर मुलीच्या डब्यात असते. अंडे हे निमित्त होते. खरे म्हणजे कुणाच्या कोण बाईने, आपल्यात न बसणाऱ्या बाईने केलेले ते घशाखाली उतरत नव्हते. बहीण काही बोलली नाही. पुन्हा कधी तिने मैत्रिणीकडचा डबा माझ्याकडे आणला नाही, एवढे मात्र झाले.

ही गोष्ट मी परवा मुलीला सांगितली. ती कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आई, ह्यात तू एकटी नाहीस." आणि तिने मला वाचून दाखवले. पुण्याला पंचहौद मिशनमध्ये 1890 च्या ऑक्टोबरात एक सभा झाली आणि सभेनंतर सगळ्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला, कुणी तेवढेही केले नाही. पुढे आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असणाऱ्यांची नावे छापून आणली, आणि पुण्यात मोठे ग्रामण्य झाले. नावे तरी कुणाची? न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. रमाबाई रानडे यांनी त्या दिवसांविषयी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा म्हणून एक गुप्त मंडळी निघाली होती. तिच्यात यायचे तर ख्रिश्चनाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. पाव खाणे ही परीक्षा! आणि आज मोती चौकात मिसळीबरोबर पाव कमी पडला तर माणसे भांडायला उठतात.

मुलीने माझे समाधान व्हावे म्हणून वाचले, पण माझे झाले नाही. त्या मोठ्या माणसांवर गावाचा दाब होता. माझ्यावर 2004 साली कुणाचा होता? कुणाचाच नाही.

असो. 2022 च्या डिसेंबरात बहीण सुट्टीवर आली. मुंबईला उतरून खंबाटकी घाटाने थेट माझ्याकडेच आली, सांगलीला नंतर गेली. चहा झाल्यावर तिने एक पुठ्ठ्याची पेटी काढून मधोमध ठेवली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "अक्का, हे तिने तुझ्यासाठी दिले आहे. अंडे आहे बरे का ह्यात."

अठरा वर्षांनी तिने ते मला ऐकवले. मी मान वर केली नाही. पेटीची दोरी सोडायला घेतली.

पेटीत चार प्रकार होते. पहिला पाव. त्याला तिकडे 'पान दे साल' म्हणतात, म्हणजे मिठाचा पाव. आकार आपल्या लादी पावाएवढा, पण एकेक सुटा आणि वरून पावाचा बारीक चुरा भुरभुरलेला. फिलिपाइन्समध्ये सकाळी कॉफीबरोबर हाच पाव खातात. स्पेनच्या लोकांनी तिथे 1565 पासून 1898 पर्यंत राज्य केले, त्यांनी हा पाव नेला. जसा पोर्तुगिजांनी गोव्यात आणला. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' हे एकाच घरातले शब्द. गंमत अशी की तिथे गहू पिकत नाही म्हटले तरी चालेल. खाणे भाताचे, आणि मैद्यासाठी गहू बाहेरून बोटीने येतो. तरीही पावाशिवाय सकाळ होत नाही.

खरे सांगायचे तर हा पाव मला आवडला नाही. दोन दिवसांच्या प्रवासाने तो दगड झाला होता. नाव मिठाचा आणि चव गोडसर. पण दुसऱ्या दिवशी मी तो मधून चिरून तव्यावर तूप सोडून भाजला, तेव्हा घरात पुरला नाही. तेव्हा दोष पावाचा नव्हता, प्रवासाचा होता.

दुसरा प्रकार 'एन्सायमादा'. लोण्यात मळलेली मऊ पिठाची वळकटी शंखासारखी गुंडाळून भाजायची, वर लोणी लावायचे, साखर पेरायची आणि साखरेवर किसलेले चीज! हे पाहून माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हिचा हात चुकला की काय?" चुकला नव्हता. तिकडची रीतच तशी. खारट आणि गोड एकाच घासात येते. मुलांनी पाच मिनिटांत फडशा पाडला. मी एक तुकडा खाल्ला, मग अर्ध्या तासाने कुणी नाही असे पाहून दुसरा खाल्ला. ह्यापेक्षा जास्त प्रशंसा मी काय करू?

तिसरी एक बाटली होती, आणि तिच्यात जांभळा, अगदी जांभळीच्या फळासारख्या रंगाचा गोळा. त्याला म्हणतात 'उबे हलाया'. मी म्हटले, हलाया म्हणजे हलवाच की! मुलगी म्हणाली, नाही, तो स्पॅनिश शब्द आहे, हलव्याशी त्याचे नाते नाही. बरे, नसेल. पण केला आहे हलव्यासारखाच, दूध आणि साखर घालून आटवून. कशाचा म्हणून आम्ही सगळ्या जणी बोटाने चाखत बसलो. रताळे? बीट? माझ्या जाऊबाईंचे माहेर घाटाखाली, पोलादपूरकडचे. त्यांनी एकदाच जिभेला लावले आणि म्हणाल्या, "कोनफळ आहे हे." मुलीने लगेच फोनमध्ये पाहिले. खरेच, उबे म्हणजे आपले कोनफळच. झाड एकच, नाव वेगळे. आम्ही ते भाजीत घालतो, उपासाला उकडतो. त्यांनी त्याचे पक्वान्न केले. जाऊबाईंनी त्या दिवशी कोकणाचा जो अभिमान दाखवला तो अजून उतरलेला नाही. त्यांनीच पुढे सांगितले की तांदळाचा रवा, गूळ आणि काकडी घालून त्यांच्याकडे धोंडस करतात, ते पूर्वी खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. बहीण म्हणाली, "अगदी अशीच तिच्या गावची 'बिबिंका'!" तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध, केळीच्या पानावर ओतायचे आणि वर-खाली निखारे. नाताळाच्या आधी नऊ दिवस पहाटे देवळात प्रार्थना असते. ती आटोपून बाहेर आले की दारातच ही गरम गरम मिळते. आपल्याकडची काकडआरती आणि नंतरचा प्रसाद आठवला की नाही?

चौथा प्रकार मात्र मला झोपू देईना. त्याचे नाव 'होपिया'. तळहाताच्या मध्यात मावेल एवढी गोल, चपटी, कोरडी वडी. दिसायला काहीच नाही. मी एक मोडली. पापुद्रे सुटले आणि आतून पिवळे पुरण निघाले. पुरण! मुगाच्या डाळीचे. तिकडे मुगाला 'मोंगो' म्हणतात. हा पदार्थ मूळचा चिनी लोकांचा, चीनच्या फूच्येन भागातून जे फिलिपाइन्सला जाऊन राहिले त्यांनी नेलेला. पण मला तर तो माझ्याच आजीने केल्यासारखा वाटला. वरचे पापुद्रे कसे सुटले हे जिभेलाच कळले. साटा लावला आहे! चिरोट्याला आपण तूप-पिठाचा साटा लावतो ना, तसाच. चिरोट्याचा साटा, पोळीचे पुरण आणि नानकटाईची भट्टी. आपल्या घरात तिन्ही गोष्टी आहेत, पण त्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यायचे आपल्याला सुचले नाही.

आम्ही हे सगळे करीत होतो आणि आत्या पलंगावर बसून पाहत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळे त्यांना काहीच चालणारे नव्हते. त्यांनी एकदाच विचारले, "हीच का ती, पोरीला पेज करून घालत होती ती?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "मग माझ्या वाटणीचे तू खा."

संध्याकाळी कुवेतहून चित्रासह फोन आला. समोर ती बाई. लहानशी, हसरी, इस्पितळाच्या कपड्यातच. मला पाहताच तिने हाक मारली, "आते!" पलंगावरून आत्या म्हणाल्या, "मला हाक मारली का गं?" सगळे हसले. बहिणीने सांगितले की तिकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, म्हणजे आपली अक्का. ती बाई विचारीत होती, "मसराप?" म्हणजे, चव चांगली आहे का?

दोन वर्षे मी मनात जुळवून ठेवलेले सगळे त्या वेळी कुठे गेले कोण जाणे. इंग्रजी मला येत नाही. मी बहिणीला हळूच विचारले, हिच्या भाषेत आभार कसे मानतात? ती म्हणाली, "सलामत." मला वाटले ती चेष्टा करते आहे. पण खरेच तिकडे आभाराला सलामत म्हणतात. मी फोनकडे पाहून म्हटले, "सलामत." तिला वाटले मी खाऊसाठी म्हणते आहे. ती हसली आणि हात हलवू लागली. तेव्हा बहिणीने तिला काहीतरी इंग्रजीत सांगितले. ती गप्प झाली, आणि मग दोघी दोन्हीकडून रडायला लागलो. अशा वेळी आमच्या घरातले पुरुष नेहमी बाहेर अंगणात जातात, तसे गेले.

आता होपिया करण्याची हकीकत. आत्यांच्या वाटणीचे मी खाल्ले, पण ते मला टोचत होते. पुढच्या दिवाळीच्या आधी आपण सगळ्या जणी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन भट्टीवर नानकटाई भाजायला जातो, तेव्हा मी ठरवले की आपल्या नानकटाईबरोबर एक ट्रे होपियाचा लावायचा. अंड्याशिवाय. तिकडे वरून अंड्याचा हात फिरवतात, आणि फिलिपाइन्समध्ये पीठ पुष्कळदा डुकराच्या चरबीत मळतात. कुवेतमध्ये डुकराच्या मांसाला बंदी आहे, म्हणून आमच्याकडे आलेल्या होपियात ती नव्हती. तरी ज्यांना चालत नाही त्यांनी विकतची घेताना विचारून घ्यावे. मी सगळे साजूक तुपात केले.

एक वाटी मुगाची डाळ जरा भाजून शिजवली, तीत पाऊण वाटी साखर घालून पुरण घट्ट आटवले. इतके घट्ट की चमचा उभा राहिला पाहिजे. पुरणात थोडे सैलपण राहिले की भट्टीत होपिया फुटते. दोन वाट्या मैदा, त्यात तीन चमचे तूप आणि थोडी साखर घालून पोळीच्या कणकेहून किंचित घट्ट भिजवला. साट्याला एक वाटी मैदा आणि थोडे कमी अर्धी वाटी तूप, हाताने नुसते एकजीव केले, पाणी नाही. मोठी पोळी लाटून तीवर साटा पसरला, चिरोट्यासारखी गुंडाळी केली, काप केले, कापात पुरण भरून तोंड खाली करून चपट्या केल्या. वरून अंड्याऐवजी दुधाचा हात.

पहिला ट्रे फसला. मी काप तळाशी फार पातळ दाबले होते. पुरण खालून सुटून पत्र्याला चिकटले आणि करपले. नानकटाई घेऊन आलेल्या बाया रांगेत उभ्या, आणि माझा ट्रे काळा. भट्टीवाल्यांनी मला एकच सांगितले, "काकी, नानकटाईच्या आचेला हे टिकायचे नाही. सगळ्यांचे झाल्यावर भट्टी उतरली की लावा." मी रात्री साडेनऊपर्यंत थांबले. उतरत्या आचेवर दुसरा ट्रे लावला. तो बाहेर आला तेव्हा वरून नुसता गुलाबी झाला होता, आणि हात लावला तर पापुद्रा उडत होता. यादोगोपाळ पेठेतून घरी येईपर्यंत मी तो डबा दोन्ही हातांनी धरला होता.

आत्या जाग्या होत्या. मी त्यांना म्हटले, "अंडे नाही, काही नाही, सगळे आपले तूप. फक्त रीत तिची आहे." त्यांनी एक होपिया हातात घेऊन उलटीपालटी केली, मोडली, आधी बाहेरचे खाल्ले, मग पुरण. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दात नाहीत, त्यामुळे त्यांना वेळ लागतो. मग म्हणाल्या, "वेलदोडा घालायला हवा होता." आणि उरलेली अर्धी पदराच्या टोकाला बांधून उशाशी ठेवली, सकाळी चहाबरोबर खायला.

त्या रात्री मुलीने ट्रेचे चित्र काढून कुवेतला पाठवले, करपलेल्याचे आणि चांगल्याचेही. उत्तर आले की करपलेल्या तिच्याही आईच्या पहिल्या ट्रेत होत्या. वेलदोड्याची सूचना तिने करून पाहिली आणि तिला ती फार आवडली, हे मी आत्यांना सांगितले आहे.

आज इथे मागच्या टेबलावर जो डबा आहे त्यात बत्तीस होपिया आहेत. माळकरी भगिनींना चालतील, अंडे नाही. वेलदोडा घातला आहे. कोनफळ मात्र मला साताऱ्याच्या बाजारात मनासारखे मिळालेले नाही. कुणाचे माहेर कोकणात असेल तर संक्रांतीच्या सुमारास आणून द्यावे, जांभळ्या गराचे. पैसे मी देईन. हलाया करून पाहायचा आहे, आणि मिरजेला एक डबा पोचवायचा आहे. बहिणीच्या त्या मैत्रिणीच्या आई अजून तिथेच राहतात, असे कळले आहे.